केसरी, सुधारक आणि माझ्या हातातलं ब्लॉकचं बटण

आजचा भाग जरा उशिरा येतोय, कारण तो मला तीनदा लिहावा लागला. पहिल्या दोन वेळा मी स्वतःलाच बरोबर ठरवून मोकळा झालो होतो.

विषय आहे ओपन सोर्समधलं मॉडरेशन. म्हणजे ज्या प्रकल्पाचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो, तिथे कोणाला बोलू द्यायचं, कोणाला थांबवायचं आणि हे ठरवणारे आपण कोण? ऐकायला हा प्रश्न आजचा वाटतो. पण मराठीत तो सव्वाशे वर्षांहून जुना आहे, आणि तो दोन जिवलग मित्रांमध्ये उभा राहिला होता. त्यांच्याकडे जाऊच. आधी माझी गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळेच मी हा इतिहास वाचायला बसलो.

एक शब्द, एक मात्रा

मी गोंदिया जिल्ह्यातला. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या धानाच्या पट्ट्यात झाडीबोली बोलतात. आम्ही चार-पाच जणांनी मिळून या बोलीच्या शब्दांची एक खुली यादी करायला घेतली. बांधी, बोडी, पऱ्हे, रोवणा असे शब्द मोबाइलच्या कीबोर्डला सुचवता यावेत, आणि कोणी 'पानी' लिहिलं तर त्याखाली लाल रेघ येऊ नये, एवढीच अपेक्षा होती. लायसन्स खुलं ठेवलं. कोणीही यादी घ्यावी, बदलावी, वापरावी.

एक दिवस एका माणसाने मोठा बदल पाठवला. त्याने शेकडो ठिकाणी 'न' काढून 'ण' घातला होता. 'पानी'चं 'पाणी', 'कोनी'चं 'कोणी'. खाली कारण लिहिलं होतं की हे शब्द अशुद्ध आहेत. मला वाटलं, बाहेरचा कोणीतरी असेल. निघाला आमच्याच जिल्ह्यातला. आणि त्याचा मुद्दा अगदीच फालतू नव्हता, बरं का. आपली पोरं शिकायला पुण्या-नागपूरला जातात, तोंड उघडलं की वर्गात हसू होतं. मग कीबोर्डनेच त्यांना प्रमाण रूप सुचवलं तर बिघडलं कुठे, असं त्याचं म्हणणं होतं.

आमच्यातल्या एका मुलीने आजीकडून ऐकून बरेच शब्द जमवले होते. तिने शांतपणे उत्तर दिलं की ही यादी बोलीची आहे, प्रमाण मराठीच्या याद्या आधीच आहेत. यावर त्याची भाषा घसरली. तिला गावंढळ म्हणाला, मग तिच्या आजीवर गेला. मी रात्री ते वाचलं, डोकं सणकलं आणि एका झटक्यात त्याला ब्लॉक केलं. नुसतं ब्लॉक नाही. त्याने लिहिलेलं सगळंच्या सगळं पुसलं आणि ती चर्चाही कुलूपबंद केली.

दुसऱ्या दिवशी त्याचा मेल आला. अर्थ असा, की नावाला खुलं म्हणवता, आणि वेगळं मत आलं की तोंड दाबता.

मला राग आला. पण खरं सांगू? पोटात कुठेतरी टोचलंसुद्धा.

डोंगरीचा तुरुंग

आता १८८१ सालात जाऊ. पुण्यात जानेवारीत दोन साप्ताहिकं सुरू झाली, इंग्रजीत 'मराठा' आणि मराठीत 'केसरी'. मागे होती विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्यासोबतची तरुण मंडळी. त्यात बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर. दोघांचा जन्म १८५६चा, दोघे डेक्कन कॉलेजातले मित्र. केसरीचे पहिले संपादक आगरकर, आणि 'मराठा' टिळकांकडे.

लक्षात घ्या, पत्र सुरू झालं तेव्हा ही मंडळी पंचविशीच्या आत-बाहेर होती. म्हणजे आज हा भाग ऐकणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांच्या वयाची.

वर्षभरातच संकट आलं. कोल्हापूरच्या छत्रपतींना त्यांच्याच संस्थानात कशी वागणूक मिळते, यावर दोन्ही पत्रांनी लिहिलं आणि दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर आरोप केले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ज्या पत्रांच्या आधारे लिहिलं होतं ती बनावट निघाली. जुलै १८८२मध्ये टिळक आणि आगरकर दोघांनाही चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. आगरकरांनी पुढे त्या दिवसांवर पुस्तकच लिहिलं.

लिहिलं म्हणून दोघे एकत्र तुरुंगात गेले. यापेक्षा घट्ट मैत्री कोणती असणार? बाहेरून दडपण आलं तेव्हा दोघे खांद्याला खांदा लावून उभे होते.

आणि तरीही पाच वर्षांनी हेच दोघे वेगळे झाले. या वेळी कोणी सरकार आड आलं नव्हतं, कोणी दिवाण नव्हता. प्रश्न एवढाच होता की आपल्याच पत्रात काय छापायचं.

आपल्याच पत्रात आपलंच मत नको

१८८४मध्ये बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि विधवांवर लादलेलं वैधव्य या विषयांवर टिपणं काढली आणि देशभर वाद पेटला. आगरकरांचं म्हणणं होतं की समाजातल्या वाईट चाली बुद्धीला पटत नसतील तर त्या सोडल्या पाहिजेत, आणि गरज पडली तर कायद्याची मदत घ्यायला हरकत नाही. टिळकांचं म्हणणं होतं की परक्या सरकारला आपल्या घरात कायदा करू देऊ नये, आधी राजकीय प्रश्न, आणि समाज बदलायचा तर त्याला सोबत घेऊन.

इथे कोण बरोबर होतं, हा आजचा विषय नाही. आजचा विषय आहे पत्र कोणाचं, हा. केसरी एकट्या आगरकरांचा नव्हता, तो मंडळींचा होता. आणि सामाजिक सुधारणेच्या बाबतीत मंडळीतल्या बहुतेकांचं मत आगरकरांसोबत नव्हतं. संपादक आगरकर, पण पत्राचा आवाज त्यांचा नाही, अशी ही अडचण. ऑक्टोबर १८८७मध्ये आगरकर केसरीतून बाहेर पडले आणि संपादकपद टिळकांकडे आलं.

बरोबर एक वर्षाने, ऑक्टोबर १८८८मध्ये, आगरकरांनी 'सुधारक' सुरू केलं. ते मराठी आणि इंग्रजी असं दुभाषी होतं, आणि इंग्रजी बाजू सांभाळायला गोपाळ कृष्ण गोखले होते. आता केसरी आणि सुधारक समोरासमोर आले. १८९१मध्ये संमतिवयाचा कायदा आला, मुलींसाठी संमतीचं वय दहावरून बारा वर्षं करणारा. केसरी विरोधात, सुधारक बाजूने. भांडण इतकं टोकाला गेलं होतं की आगरकरांच्या विरोधकांनी ते जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली.

सॉफ्टवेअरवाल्या माणसाने हे वाचलं की तोंडातून एकच शब्द निघतो. फोर्क!

बांधीची वाटणी आणि कोडची वाटणी

फोर्क म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगतो. दोन भावांत बांधीची वाटणी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला अर्धी येते, मधे नवा पाळ पडतो. कोडची वाटणी तशी नसते. एका प्रकल्पातून कोणी बाहेर पडला तर तो अख्खा कोड सोबत नेऊ शकतो, आणि मागे राहिलेल्यांकडेही तो अख्खाच राहतो. हा उपकार नाही, हक्क आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि पुढे जीपीएल हे लायसन्स लिहिलं, ते याच हक्कासाठी. कोड चालवा, वाचा, बदला, वाटा. तुम्ही भांडखोर आहात म्हणून हा हक्क कोणी काढून घेऊ शकत नाही.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण नेटबीएसडीचं. थिओ डी राट हे या ऑपरेटिंग सिस्टिमच्या संस्थापकांपैकी एक. डिसेंबर १९९४मध्ये बाकीच्या मुख्य मंडळींनी त्यांना राजीनामा द्यायला सांगितलं आणि कोडमध्ये बदल करण्याची त्यांची परवानगी काढून घेतली. तक्रार त्यांच्या कोडबद्दल नव्हती. लोकांशी ते ज्या प्रकारे बोलतात, त्याबद्दल होती. डी राट यांनी १९९५मध्ये ओपनबीएसडी हा फोर्क काढला. आणि गंमत बघा, आपला कोड कसा बदलत गेला हे बाहेरच्या कोणालाही इंटरनेटवरून पाहता येईल, अशी सोय त्यांनी सुरुवातीपासूनच करून दिली. १९९९मध्ये याच मंडळींकडून ओपनएसएसएच आलं. आज जगातल्या बहुतेक सर्व्हरवर लांबून लॉगिन करायला तेच वापरतात. मीही रोज ऑफिसचा दिवस त्यानेच सुरू करतो. ज्याला वागणुकीमुळे बाहेर काढलं, त्याच्या प्रकल्पाने सगळ्यांच्या दाराला कुलूप पुरवलं.

म्हणजे त्याला काढणं चूक होतं का? मला तसं वाटत नाही. त्याला काढलं, आणि तरीही त्याचं काम अडलं नाही. मॉडरेशन आणि मुस्कटदाबी यांच्यातला फरक मला इथे सापडतो. मेंटेनर तुमची खुर्ची काढून घेऊ शकतो. तुमचा कोड, तुमची वही, तुमचा आवाज काढून घेऊ शकत नाही.

मुस्कटदाबी कशी दिसते, तेही आपल्याकडे पाहिलंय. २०१४च्या शेवटी मुंबईतल्या एका न्यायालयाच्या आदेशावरून केंद्र सरकारने ३२ वेबसाइट बंद करायला सांगितल्या. दहशतवादविरोधी पथकाच्या तपासातून ती मागणी आली होती. त्या यादीत गिटहब आणि सोर्सफोर्जचीही नावं होती. दहशतवादी मजकूर शोधायचा होता, पण दार बंद झालं ते कोड लिहिणाऱ्या सगळ्यांचं. अशा बंदीतून फोर्क काढून बाहेर पडता येत नाही. काही साइटवरची बंदी लवकरच उठली, पण तेवढ्यात कळलं की आपलं खुलं घर किती पातळ भिंतींवर उभं आहे.

ऑक्टोबर २०२४मध्ये लिनक्स कर्नलच्या मेंटेनरांच्या यादीतून रशियाशी संबंधित डझनभर नावं निघाली, तीही निर्बंधांच्या कायद्यामुळे. त्यांच्या वागणुकीबद्दल कोणाची तक्रार नव्हती. कोड त्यांच्यासाठी आजही खुला आहे, पण खुर्ची गेली, आणि ती कोणा मेंटेनरला राग आला म्हणून गेली नाही.

मत आणि वागणूक

आता लिनक्सचीच दुसरी गोष्ट. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१मध्ये लिनक्स सुरू केलं. माणूस हुशार, पण जीभ तिखट. चुकीचा कोड पाठवणाऱ्याला ते सगळ्यांसमोर सोलून काढत. वर्षानुवर्षं लोक म्हणायचे, तसाच आहे तो, पण म्हणून तर कर्नल चांगला राहिला. १६ सप्टेंबर २०१८ला त्यांनी स्वतःच लिहून माफी मागितली, माझे मेलमधले हल्ले योग्य नव्हते म्हणाले, आणि काही आठवडे कामातून सुट्टी घेतली. त्याच वेळी कर्नलने नवी आचारसंहिता स्वीकारली. लगेच ओरड झाली की आता मतांवरून लोकांना हाकलणार. पुढच्या महिन्यात त्या संहितेचा अर्थ कसा लावायचा, हे समजावणारा वेगळा मजकूर जोडावा लागला.

मला वाटतं, सगळा घोळ इथेच होतो. आगरकरांचं जे झालं ते मतावरून झालं. डी राट यांचं जे झालं ते वागणुकीवरून झालं. ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, आणि दोन्हींसाठी एकच बटण असलं की गडबड होते. वागणुकीची तक्रार पुढे करून नकोसं मत बाहेर काढता येतं. आणि मतस्वातंत्र्याची ढाल करून दुसऱ्याच्या आजीला शिव्याही देता येतात.

मग हे ठरवणाऱ्यांवर लक्ष कोणाचं? २२ नोव्हेंबर २०२१ला रस्ट या भाषेच्या अख्ख्या मॉडरेशन टीमने एकदम राजीनामा दिला. तक्रार अशी की नियम सगळ्यांना लागू होतात, फक्त वरच्या मुख्य टीमला नाही, ती कोणालाच उत्तर देत नाही. तो राजीनामा वाया गेला नाही. मुख्य टीम मोडीत निघाली आणि २०२३मध्ये तिच्या जागी वेगवेगळ्या टीमच्या प्रतिनिधींचं मंडळ आलं.

फोर्क फुकट नसतो

'पटत नसेल तर फोर्क कर' हे वाक्य आपल्या क्षेत्रात फार सहज फेकलं जातं. पण फोर्क म्हणजे फक्त कॉपी नाही. २०१७मध्ये नोड डॉट जेएसमध्ये एका सदस्याला काढायचं की नाही यावर मतदान झालं, ठराव पडला, आणि नाराज मंडळींनी आयो नावाचा फोर्क काढला. काही महिन्यांत तो थंडावला. कोड होता, पण तो रोज सांभाळायला लागणारी माणसं तेवढी नव्हती.

आगरकरांना तर कोडसुद्धा मिळाला नव्हता. केसरीचे वर्गणीदार केसरीकडेच राहिले, नाव राहिलं, दबदबा राहिला. त्यांना सगळं पहिल्या अंकापासून सुरू करावं लागलं, तेही फर्ग्युसन कॉलेजात शिकवत, दम्याशी झगडत. १७ जून १८९५ला ते गेले, तेव्हा चाळिशीसुद्धा झाली नव्हती. त्यांच्यावर केसरीत मृत्युलेख लिहिला तो टिळकांनीच.

सुधारक निघाला नसता तर काय झालं असतं? केसरीच्या मंडळींनी काही गुन्हा केला होता असं मी म्हणणार नाही. आपल्या पत्राचा आवाज ठरवण्याचा त्यांना हक्क होता. पण बाहेर दुसरं पत्र काढता आलं, म्हणून तो हक्क पचला. सुधारक निघण्यासारखी परिस्थितीच नसती, तर तोच हक्क जुलूम ठरला असता. म्हणजे खुर्ची काढून घेणाऱ्याची जबाबदारी तिथे संपत नाही. बाहेर जाणाऱ्याला खरंच बाहेर उभं राहता येतंय का, हे पाहणंही त्याच्याकडेच येतं.

पुन्हा आमची यादी

हे सगळं वाचून झाल्यावर मी आमची ती पुसलेली चर्चा परत उघडून पाहिली. आमच्याकडे जुनी प्रत होती. त्या माणसाने एकूण अकरा वेळा लिहिलं होतं. त्यातले तीन मजकूर शिवीगाळीचे. उरलेले आठ नुसता वाद. पोरांना वर्गात हसतात, तो वाद. बोली जपायच्या नादात आपण त्यांना मागे ठेवतोय का, तो वाद. मी ते आठही पुसले होते. म्हणजे त्याचा मेल अर्धा खरा होता.

मग मी तीन गोष्टी केल्या. ते आठ मजकूर परत ठेवले आणि तीन काढलेलेच राहू दिले, प्रत्येकाच्या जागी कारण लिहून. दुसरं, ब्लॉक कायमचा न ठेवता तीन महिन्यांचा केला आणि परत यायचं असेल तर काय अपेक्षा आहे ते त्याला कळवलं. तिसरं, यापुढे असा निर्णय मी एकटा घेणार नाही, किमान दोघे मिळून घेतील, आणि ज्याच्यावर राग आलाय त्याच्याबद्दल रात्री काहीच ठरवायचं नाही, असा नियम लिहून टाकला. शेवटची ओळ वाचून सगळे हसले, पण ती नियमात राहिली.

त्या मुलीलाही विचारलं, कारण शिव्या तिने खाल्ल्या होत्या, माझ्या मोठेपणाचं बिल तिने का भरावं? ती म्हणाली, मतं राहू दे, फक्त माझ्या आजीचं नाव तिथे परत दिसायला नको. एवढी साधी रेघ मला त्या रात्री दिसली नव्हती.

तो माणूस परत आला नाही. त्याने आमची यादी घेऊन स्वतःची वेगळी केली, प्रमाण रूपांची. परवा सहज चाळली तर त्यात रोवण्याच्या आणि मळणीच्या कामांचे बरेच शब्द होते, जे आमच्याकडे नव्हते. 'ण' घालूनच होते, पण होते. आम्ही ते घेतले, आमच्या रूपात बदलले आणि शब्द देणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव लिहिलं. लायसन्स त्याला आमचं घ्यायला देतं, तसंच आम्हाला त्याचं.

त्याला हे कळवलं. उत्तर नाही आलं. मेल वाचल्याची खूण तेवढी दिसली.

तुम्ही कुठे ग्रुप चालवत असाल, गावातल्या ग्रंथालयाच्या समितीवर असाल किंवा कॉलेजच्या नाट्यमंडळात, तर हातात कधी ना कधी हे बटण येतंच. तेव्हा एवढंच आठवा, की समोरच्याने काय म्हटलं आणि कसं म्हटलं, हे दाबण्याआधी वेगळं करून पाहता येतं. मला ते दाबल्यावर सुचलं.

आजच्या भागात एवढंच. तुमच्याकडचे असे किस्से पाठवा, नावं काढून. भेटूच पुढच्या भागात. नमस्कार!